देवाच्या पुढ्यात युद्धाची थट्टा : रात्रीच्या विडंबन-बातमीपत्राविषयी एक प्रश्न

कुळागर

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबून मांडतो, कारण मलाही तो आडवाटेनेच पडला.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या उत्सवात दर वर्षी दोन नाटके होतात आणि त्यांतले एक गावातली मुलेच बसवतात. यंदा माझा भाचा आणि त्याचे चार मित्र यांनी ठरवले की नाटकाआधी वीस मिनिटांचे एक खोटे बातमीपत्र करायचे, तेही अमेरिकेतल्या ‘द डेली शो’च्या धर्तीवर: टेबलामागे कोट घातलेला निवेदक, पाठीमागे पडदा, आणि ‘थेट रणांगणावरून’ बोलणारा वार्ताहर, जो प्रत्यक्षात निवेदकापासून तीन हातांवर उभा आहे. विषय निवडला तो युद्ध आणि धर्म. दोन्ही बाजूंचे सेनापती एकाच देवाला नवस बोलतात आणि देवाच्या कचेरीत त्या अर्जांची छाननी चालते, अशी कल्पना आहे. समितीतल्या एका ज्येष्ठांनी संहिता वाचली, चष्मा काढला आणि एवढेच विचारले, “देवाच्या पुढ्यात हे कशाला?” मुले हिरमुसली आणि वही माझ्याकडे आली.

गेला आठवडाभर मी त्या कार्यक्रमाचे इराक युद्धाच्या काळातले तुकडे शोधून पाहिले. जॉन स्टुअर्ट १९९९ पासून २०१५ पर्यंत रोजचा निवेदक होता (२०२४ मध्ये तो सोमवारपुरता परत आला). इराकच्या बातम्यांना त्यांनी कायमचे शीर्षक दिले होते ‘मेस-ओ-पोटेमिया’. मेसोपोटेमिया या प्राचीन नावात त्यांना ‘मेस’, म्हणजे घोळ, सापडला. धर्माच्या बातम्यांसाठी ‘धिस वीक इन गॉड’ असे वेगळे सदर होते. त्यात स्टीफन कोल्बर हा कार्यक्रमातला विनोदी वार्ताहर एका यंत्राची कळ दाबायचा, यंत्र फिरायचे आणि ज्या धर्मावर थांबेल त्याच्या पुढाऱ्यांची त्या आठवड्यातली करणी तो वाचून दाखवायचा. हा कोल्बर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलेला माणूस.

माझे मत असे झाले की यात देवाची थट्टा मुळीच नाही. देवाचे मुखत्यारपत्र खिशात असल्यासारखे बोलणाऱ्यांची आहे. तरीही त्या ज्येष्ठांचा प्रश्न मला मोडीत काढता येईना. युद्धात माणसे मरत असताना आणि धर्म ही कुणाच्या तरी जिवाच्या तळाची गोष्ट असताना, रात्री जेवून झाल्यावर त्यावर हसणे योग्य आहे का? आपणांस काय वाटते?

तेरेखोल

रात्री अकराच्या कार्यक्रमाला ते ‘लेट नाइट’ म्हणतात, हे वाचून करमणूक झाली. आमच्या पेडण्यात त्या वेळी दशावतारी मंडळी तोंडाला रंगसुद्धा लावत नाहीत. बाकी सविस्तर लिहीन.

सांजवात

कुळागर बाब, मी काही वर्षे पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवले आहे, आणि हा कार्यक्रम वर्गात दाखवत असे. त्यातले विनोद बाजूला ठेवून त्यांची कारागिरी पाहण्यासारखी आहे.

२००३ सालचा एक तुकडा घ्या. स्टुअर्ट सूत्रधार आहे आणि वादविवाद चालला आहे जॉर्ज बुश विरुद्ध जॉर्ज बुश असा: एका बाजूला २००० सालच्या प्रचारातले गव्हर्नर बुश आणि दुसऱ्या बाजूला इराकमध्ये सैन्य घातलेले राष्ट्राध्यक्ष बुश. पहिले सांगतात की दुसऱ्यांची राष्ट्रे उभारणे हे आपल्या सैन्याचे काम नव्हे. दुसरे नेमके तेच काम आपले कर्तव्य असल्याचे सांगतात. दोन्ही चित्रफिती खऱ्या, आवाज खरा, शब्द खरे. कार्यक्रमाने फक्त दोन कपाटांतल्या दोन फिती शेजारी शेजारी ठेवल्या, आणि हे काम त्या दिवसांत खऱ्या वृत्तवाहिन्यांनी करायला हवे होते.

धर्माच्या बाबतीत तर त्या काळाने विडंबनकारांना फारसे कष्टच पडू दिले नाहीत. १६ सप्टेंबर २००१ रोजी बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढ्याला ‘क्रुसेड’ म्हटले आणि मागाहून त्यांच्या कार्यालयाला सारवासारव करावी लागली. अफगाणिस्तानच्या मोहिमेला आधी ‘अमर्याद न्याय’ अशा अर्थाचे नाव दिले होते. अमर्याद न्याय फक्त ईश्वरच करू शकतो अशी मुस्लिम श्रद्धा असल्याचे लक्षात आणून दिल्यावर महिना संपायच्या आत ते बदलून ‘चिरस्थायी स्वातंत्र्य’ असे ठेवले गेले. २००३ मध्ये विल्यम बॉयकिन या लष्करी अधिकाऱ्याची चर्चमधली भाषणे बाहेर आली. सोमालियातल्या एका मुस्लिम टोळीप्रमुखाविषयी ते त्यांत म्हणाले होते की माझा देव त्याच्या देवापेक्षा मोठा आहे, हे मला ठाऊक होते. गणवेशातला जनरल दोन देवांची उंची मोजतो आहे, यावर विनोदी लेखकाने आणखी काय लिहावे? त्याने वाक्य जसेच्या तसे वाचायचे आणि गप्प बसायचे. स्टुअर्ट पुष्कळदा तेवढेच करायचा: भुवया वर, पेन खाली, आणि चार सेकंद शांतता.

निवृत्त मास्तर

सांजवातताईंची माहिती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही.

हा कार्यक्रम जोरात असताना, नोव्हेंबर २००४ मध्ये, बुश पुन्हा निवडून आले. अमेरिकेचे सैन्य इराकमधून बाहेर पडायला डिसेंबर २०११ उजाडला. म्हणजे पावणेनऊ वर्षे युद्ध चालले आणि जवळजवळ तितकीच वर्षे त्यावर हशा चालला, आणि एकाचा दुसऱ्यावर काही परिणाम झाल्याचे मला दिसत नाही. माझा संशय असा आहे की असे कार्यक्रम सुशिक्षित माणसाला एक प्रकारचे प्रायश्चित्त स्वस्तात मिळवून देतात. दिवसभर आपण कर भरला, त्या पैशांचे बॉम्ब झाले, आणि रात्री त्या बॉम्बवाल्यांना हसून आपण हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पूर्ववत. ज्याला राग यायला हवा त्याला हसू आले, की राग पातळ होतो.

मुलांना नाटक करू द्यावे की नाही याविषयी मी अद्याप काही म्हणत नाही.

घुमट

मास्तर, हशाने युद्ध थांबत नाही हे खरे. पण अग्रलेखांनी तरी कुठे थांबले? त्या काळात न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्राने इराककडे महासंहारक शस्त्रे असल्याच्या बातम्या छापल्या आणि २००४ मध्ये आपले वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, असे वाचकांसमोर कबूल केले. गंभीर माणसे चुकली आणि विदूषकाने निदान शंका तरी विचारली, एवढे श्रेय त्याला द्या.

फातोर्ड्याचा प्रेक्षक

तियात्राचा, म्हणजे आपल्या कोंकणी संगीत नाटकाचा, उल्लेख कुणीच केला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. १८९२ मध्ये मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून आपल्या माणसांकडे हे तंत्र आहे. दोन पड्ड्यांच्या, म्हणजे अंकांच्या, मध्ये पडदा पडतो, गायक पुढे येतो आणि कांताराच्या, म्हणजे गाण्याच्या, तीन-चार कडव्यांत मंत्र्यापासून पंचापर्यंत सर्वांचा समाचार घेऊन जातो. मुख्य कथा रडकी असली तरी कांतारातली टीका त्याच आठवड्यातली असते. मी मराठी नाटकांवर वाढलो, कोंकणी तियात्र लग्नानंतर शेजाऱ्यांमुळे पाहू लागलो, आणि पहिल्याच रात्री पुढच्या रांगेत बसलेल्या एका आमदारावर गायकाने त्याच्याच तोंडावर कडवे म्हटलेले पाहिले. आमदार हसत होता. निदान दात दिसत होते.

पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मी पाहिलेल्या तियात्रांत राजकारण्याला जितके सोलतात तितके पाद्रीला किंवा भटाला सोलत नाहीत. धर्माशी आले की कडवे हळूच वळण घेते आणि ‘सगळे देव एकच’ या सुरक्षित घाटावर उतरते. तिथे टाळ्या हमखास.

अबोली

वळण घेते, कारण रस्त्यावर खड्डा आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की जेरी फॉलवेल या बड्या धर्मोपदेशकाचे अत्यंत ओंगळ विडंबन छापणाऱ्या मासिकाला त्याच्या मनस्तापाची भरपाई द्यावी लागणार नाही. स्टुअर्ट आणि कोल्बर त्या निकालाच्या सावलीत बसून हसतात. आपल्याकडे १९२७ मध्ये दंडसंहितेत २९५-अ हे कलम आले, आणि २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने नांदते आहे. ‘जाणूनबुजून व दुष्ट हेतूने’ धार्मिक भावना दुखावणे असे त्याचे शब्द आहेत, म्हणजे निर्मळ हेतूच्या विनोदाला कायद्याने भीती नाही. पण हेतू निर्मळ होता हे न्यायालयात सिद्ध होईपर्यंत विनोद करणाऱ्याचे केस पिकतात. मी वकिली करते, म्हणून हे कोरडेपणाने सांगते आहे. कुळागर बाब, मुलांना म्हणावे, संहितेत कुठल्याही खऱ्या पंथाचे नाव, चिन्ह किंवा मंत्र घेऊ नका. पात्रे काल्पनिक देशांची ठेवा.

घुमट

काल्पनिक देश, काल्पनिक देव, काल्पनिक युद्ध. मग हशाही काल्पनिकच होईल हो, अबोलीताई.

कुवेतकराचा मुलगा

मी येथे क्वचित लिहितो, पण मास्तरांच्या ‘हात धुतले’ या शब्दांमुळे लिहावेसे वाटले.

माझे वडील कुवेतमध्ये एका गोदामात हिशेबनीस होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य शिरले तेव्हा आम्ही दोघे भाऊ आईबरोबर गोव्यातच होतो. महिनाभर त्यांची काहीही खबर नव्हती. आईने मंगेशीला नारळ ठेवला, शेजारच्या बायनी वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) रोज मेणबत्ती लावली, आणि दोघींनी एकमेकींच्या देवावर भरवसा ठेवायचे आपसांत ठरवले. वडील बसरा, बगदाद असे करत बसने जॉर्डनला पोहोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. त्या दोन महिन्यांत लाखाहून अधिक भारतीय याच वाटेने परत आले. त्यांच्या हातात एक रेग्झिनची पिशवी होती आणि तिच्यात गोदामाची हिशेबाची वही होती. वही का आणली, हे त्यांना स्वतःलाही कधी सांगता आले नाही.

पुढे २००४ च्या सुमारास मी हौसेने त्यांना संगणकावर हा कार्यक्रम दाखवला. निवेदक न्यूयॉर्कमध्ये, आणि ‘ज्येष्ठ बगदाद प्रतिनिधी’ म्हणवणारा विनोदी नट त्याच स्टुडिओत, मागे बगदादच्या रस्त्याचे चित्र लावून उभा. या खोटेपणातच सगळी गंमत आहे, हे मी त्यांना आधी समजावून सांगितले होते. प्रेक्षक खदाखदा हसत होते. वडील म्हणाले, “जरा थांबव.” मी चित्र थांबवले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नटाच्या खांद्यावरून मागे पाहू लागले. “हा पूल. आमची बस याच्या अलीकडे दोन दिवस उभी होती. एक म्हातारी रोज खबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणून द्यायची, पैसे घ्यायची नाही.” तो खरोखरच तोच पूल होता का, कुणास ठाऊक. पण ज्या चित्राचे खोटेपण हाच विनोद होता, ते चित्र त्यांना त्या पडद्यावरची एकमेव खरी गोष्ट वाटले.

मी त्या कार्यक्रमाचा चाहता होतो आणि आहे. मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट खटकते. तो बुश यांना हसायचा, सेनापतींना हसायचा, वाहिन्यांना हसायचा. पण बगदादची ती खबूसवाली म्हातारी त्यात कुठे नव्हती. ज्यांच्यावर युद्ध पडले ती माणसे विनोदाचे लक्ष्य नव्हती हे चांगलेच, पण ती त्यात नव्हतीच. आणि धर्म म्हणाल तर सद्दामनेही जानेवारी १९९१ मध्ये, बॉम्बफेक सुरू व्हायच्या तोंडावर, इराकच्या झेंड्यावर ‘अल्लाहु अकबर’ लिहवून घेतले. आयुष्यभर धर्मापासून अंतर राखणाऱ्या पक्षाचा हा पुढारी. वडील म्हणाले, झेंड्यावर देव चढला की समजावे, माणसांची बस चुकली.

सांजवात

यावर लगेच काही लिहिणे जमत नव्हते, म्हणून एक दिवस जाऊ दिला.

आपल्या मुद्द्याला मी एक पुरावा जोडते, जो माझ्या आधीच्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. ११ सप्टेंबर २००१ नंतर स्टुअर्टचा कार्यक्रम बंद होता. २० सप्टेंबरला तो परत आला तेव्हा त्याने नेहमीची थट्टा केली नाही. आवंढे गिळत, थांबत थांबत बोलला आणि शेवटी म्हणाला की आधी त्याच्या घराच्या खिडकीतून वर्ल्ड ट्रेड सेंटर दिसायचे, आता स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो. आपल्या अंगणात मरण आले तेव्हा त्याची जीभ अडली. बगदाद लांब होते, तिथे ती अडली नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही, कारण लांबच्या दुःखावर आपल्या सर्वांचीच जीभ सैल सुटते. पण वर्गात हे दोन तुकडे मी कधी शेजारी शेजारी दाखवले नाहीत, आणि कुणाच्याही दोन चित्रफिती शेजारी ठेवाव्यात हे तर मी वर मोठ्या तोऱ्याने लिहिले आहे.

निवृत्त मास्तर

ताई, हा मोठेपणा झाला. मीही एक पाऊल मागे येतो. त्या हल्ल्यानंतर ढिगारा उपसताना आजारी पडलेल्या अग्निशामक जवानांच्या उपचारांचे विधेयक सिनेटमध्ये अडले होते. डिसेंबर २०१० मध्ये स्टुअर्टने चार आजारी माणसांना स्टुडिओत बसवून त्यांना बोलू दिले, आणि त्याच महिन्यात विधेयक मंजूर झाले. तेव्हा परिणाम होतो. मात्र तेही त्याने थट्टा थांबवून समोर माणसे बसवली तेव्हा झाले, एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

शिवाय आपण एका शब्दात तीन गोष्टी कोंबतो आहोत. मराठीत उपहास वेगळा, उपरोध वेगळा, विडंबन वेगळे. उपहासात मी वर आणि तुम्ही खाली. उपरोधात मी तुमचीच स्तुती करतो आणि ती तुम्हाला टोचते. विडंबनात तर मला तुमचा अंगरखा घालावा लागतो, म्हणजे तो माझ्या अंगाला लागतो. नाथांचा हिंदु-तुर्क संवाद आठवा. सोळाव्या शतकात पैठणचा एक ब्राह्मण दोन्ही बाजूंनी बोलतो. तुर्क हिंदूच्या सोवळ्याची आणि मूर्तीची रेवडी उडवतो, हिंदू तुर्काच्या आचारांची, आणि अखेर दोघे एकमेकांना भेटतात. नाथांनी तुर्काच्या तोंडी घातलेले प्रश्न बोथट नाहीत. स्वतःच्या धर्मावरचे आक्षेप त्यांनी स्वतःच्या हाताने धार लावून लिहिले. हे मला त्या स्टुडिओतल्या हशापेक्षा अवघड वाटते.

म्हादई

अवांतर: ते देवयंत्र डिसेंबरात गोव्यात लावले तर थांबणारच नाही. एकीकडे ३ तारखेचे जुन्या गोव्याचे फेस्त, दुसरीकडे रोज कुठल्या ना कुठल्या देवाची जत्रा. कळ दाबणाऱ्याचाच हात दुखून येईल आणि शेवटी यंत्र खाज्यांच्या दुकानापाशी बंद पडेल.

सांजवात

म्हादई, खाजे हा आपला एकमेव निर्विवाद धर्म आहे.

मास्तरांच्या उपरोधाच्या व्याख्येला एक पुस्ती. कोल्बरने २००५ पासून स्वतंत्र कार्यक्रम केला आणि त्यात तो युद्धखोर, देवभोळ्या, उजव्या विचारांच्या निवेदकाचे सोंग घेऊन बोलायचा. २००९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा उदारमतवादी प्रेक्षकांइतकाच तो सनातनी प्रेक्षकांनाही विनोदी वाटत असल्याचे आढळले. फक्त त्या दुसऱ्या गटाला वाटे की हा थट्टेचा आव आणतो, मनातून मात्र खरोखर आपल्याच बाजूचा आहे. सोंग इतके चांगले वठले की ज्यांचे सोंग घेतले त्यांनी त्याला आपल्यात बसवून घेतले.

अबोली

आणि सोंग ओळखले गेले की काय होते, तेही पाहा. इजिप्तमध्ये बासेम युसुफ नावाच्या हृदयशल्यचिकित्सकाने २०११ च्या क्रांतीनंतर घरातूनच अशी बातमीपत्रे सुरू केली आणि पुढे ती दूरचित्रवाणीवर गेली. २०१३ मध्ये इस्लामचा आणि राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांचा अपमान केल्याच्या आरोपावरून त्याला सरकारी वकिलाने चौकशीला बोलावले. मोर्सींनी पाकिस्तानात मानद पदवी घेताना घातलेल्या टोपीची भलीमोठी नक्कल डोक्यावर चढवून तो चौकशीला गेला. जामीन मिळाला. त्यानंतर मोर्सींना हटवून लष्कर आले, आणि ज्या कार्यक्रमाला धार्मिक राजवटीने चौकशीपर्यंतच नेले होते तो पुढच्या वर्षभरात बंद पडला. देवाच्या मुखत्याराला हसणे एकवेळ जमते, देशाच्या मुखत्याराला हसणे जड जाते.

तेरेखोल

आता सविस्तर लिहितो. बासेम युसुफची टोपी वाचून मला आमचा संकासूर आठवला.

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आख्यानाच्या आधी आडदशावतार होतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी आणि मग संकासूर. काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लांब तांबडी जीभ. वेद चोरणारा हा असुर. पण रंगभूमीवर येतो तो आमच्या बोलीत बोलत, अंग घुसळत, भटजीची फिरकी घेत. मंत्रांचे अर्थ विचारतो, दक्षिणेचा हिशेब मागतो, मध्येच गावातल्या पाण्याच्या नळावर घसरतो, आणि मी लहान असताना, १९९१ च्या जत्रेत, तर सद्दाम आणि बुश (थोरले) यांची भांडणे वेदांच्या चोरीत आणून मिसळली होती. एकाने दुसऱ्याचे तेल चोरले, मी तर फक्त वेद चोरले, मग मारायला मलाच का येता, असा त्याचा सवाल होता. हे सगळे देवळाच्या आवारात, पालखीच्या साक्षीने, आणि पुजारी पहिल्या रांगेत. कुणाच्या भावना दुखावल्याचे ऐकले नाही.

का नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शेवटी विष्णू येतो आणि संकासुराला मारतो, हे प्रत्येक पोराला ठाऊक असते. थट्टा करणारा जिवंत सुटणार नाही, तो स्वतःच्या मरणाच्या वाटेवर असताना बोलतो आहे, म्हणून तोवर त्याला सगळे माफ. आणि दुसरे म्हणजे, बुरखा काढला की तो आमच्याच वाड्यावरचा असतो. सकाळी त्याच पुजाऱ्याकडून तीर्थ घेतो. न्यूयॉर्कचा निवेदक बगदादला हसवत नव्हता, न्यूयॉर्कला हसवत होता. संकासूर ज्यांची थट्टा करतो ते समोरच बसलेले असतात आणि वाटल्यास उठून त्याच्या पाठीत धपाटा घालू शकतात.

शिवोलीकर

तेरेखोल यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा दुजोरा. आमच्या शिवोलीचा जागर नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी होतो, आणि तो हिंदूंचाही आहे आणि किरिस्तांवांचाही. रात्रभर सोंगे येतात, एकमेकांच्या चालीरीतींवर बोलतात. थट्टेला परवाना पंचायत देत नाही. मशाल कुणाच्या घरून आली आणि मेणबत्ती कुणाच्या, यावरून तो मिळतो. मात्र हेही सांगतो की जागरात जगातल्या युद्धांवर काही ऐकल्याचे मला आठवत नाही. आपल्या गावापुरते आपण शूर आहोत.

घुमट

म्हणजे अमेरिकेचा विडंबनकार दूरच्या युद्धावर धीट आणि आपला जवळच्या भटावर धीट. दोघांची अदलाबदल करून पाहायला हवी.

निवृत्त मास्तर

अदलाबदल झालेली आहे, घुमट. अब्राहम लिंकनने यादवी युद्धाच्या शेवटी, मार्च १८६५ मध्ये, दुसऱ्यांदा शपथ घेताना म्हटले की दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात, त्याच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचेच साहाय्य मागतात. दोघांच्याही प्रार्थना फळणे शक्य नव्हते आणि कुणाचीच पुरती फळली नाही. स्वतःच्या सैन्याचा सरसेनापती असलेला माणूस स्वतःच्या बाजूविषयी, सर्वांसमोर उभा राहून, हे बोलतो आहे. कुळागर बाब, आपल्या भाच्याची ‘देवाच्या कचेरीतली छाननी’ ती हीच. मुलांनी हे कुठे वाचले होते का?

कुळागर

मास्तर, भाच्याला विचारले. लिंकनचे नाव त्याने शाळेच्या पुस्तकात वाचले आहे, हे भाषण नाही. ही कल्पना त्यांना फुटबॉलच्या सामन्यावरून सुचली: दोन्ही गावांचे संघ सामन्याआधी एकाच देवळात पाया पडायला येतात आणि पुजारी दोघांनाही “विजयी व्हा” म्हणतो.

सर्वांचे प्रतिसाद छापून मी त्या ज्येष्ठांकडे घेऊन गेलो. त्यांनी कुवेतकरांच्या मुलाने लिहिलेले दोनदा वाचले. मग म्हणाले की आपला आक्षेप थट्टेला नव्हताच; कोट घातलेला एक मुलगा खुर्चीत बसून सगळ्यांना हसतो आणि नाटक संपल्यावर तसाच कोट घालून घरी जातो, हे त्यांना बरे वाटले नव्हते. “त्याला काही होत नाही,” असे त्यांचे शब्द होते. मी त्यांना तेरेखोल यांचा प्रतिसाद पुढे केला.

त्यानंतर मुलांची बैठक झाली आणि आता बेत असा ठरला आहे. टेबल राहील, पण निवेदक म्हणून बसेल संकासूर. बातम्या तोच देईल, दोन्ही सेनापतींचे नवस तोच वाचेल, आणि मागच्या पडद्यावर पुलाचे चित्र असेल. एक म्हातारी मधूनमधून पडद्यापुढून भाकऱ्यांची परडी घेऊन जाईल. ती एकही वाक्य बोलणार नाही आणि तिच्यावर एकही विनोद नाही. (कुवेतकरांच्या मुलाची याला हरकत असेल तर कृपया कळवावे, ते काढून टाकू.) शेवटी विष्णू येईल. विष्णूने संकासुराला मारायचे, की टेबलामागच्या खुर्चीत स्वतः बसून उरलेल्या बातम्या वाचायच्या, यावर मुलांत दोन तट पडले आहेत आणि परवा त्यावरून तालमीत जवळजवळ हातघाई झाली.

कुवेतकराचा मुलगा

हरकत नाही. भाकरी नको, खबूस दाखवा. गोल, पातळ आणि मोठा असतो, आपल्या पोळीच्या दीडपट तरी. वडिलांना घेऊन येईन म्हणतो, तारीख कळवावी.

तेरेखोल

संकासुराची जीभ कागदाची करू नका, पहिल्याच गिरकीला फाटते. तांबडे मांजरपाट दुहेरी शिवून आत काथ्या भरावा. आमच्याकडे एक जुनी आहे, हवी असल्यास पाठवतो. विष्णूचा निर्णय मात्र संकासूर करणाऱ्या मुलाला आधी सांगू नका.